कोटिंग मारलं तरी बोर्ड परत येतोय? आधी कोटिंगच्या खाली बघा

रत्नागिरीत भाट्याच्या समुद्रकिनाऱ्याच्या बाजूला घरगुती लॉज चालवणाऱ्या एक मालकीणबाई आहेत. त्यांच्या एका इन्व्हर्टर एसीच्या बाहेरच्या युनिटचा, म्हणजे आउटडोअरचा, सर्किट बोर्ड माझ्याकडे दुरुस्तीला तीनदा आला. तिसऱ्या खेपेला त्या म्हणाल्या, "भाऊ, हा बोर्ड दर पावसाळ्यात तुमच्याकडे माहेरपणाला येतो. या वेळी पाठवणी जरा नीट करा." मी हसलो खरा, पण चुकी माझीच होती. पहिल्या दोन्ही दुरुस्त्या माझ्याच हातच्या.

तक्रार अशी होती की सकाळी एसी चालू केला की ओव्हरव्होल्टेजचा एरर यायचा आणि ऊन चढलं की बारानंतर गुपचूप चालायचा. लाइनचं व्होल्टेज सकाळ-संध्याकाळ तपासलं तर 228 ते 235, म्हणजे त्यात काही खोट नव्हती. कोणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी स्टॅबिलायझरही बसवून घेतला होता. पैसे गेले, एरर तसाच.

असा 'सकाळी बंद, दुपारी चालू' बोर्ड आला की मी आता पहिल्यांदा आयसीकडे बघत नाही. आधी कोटिंग बघतो, म्हणजे ओलीपासून वाचवायला बोर्डावर मारलेला पातळ थर.

आउटडोअरच्या बोर्डावर लाइनच्या 230 व्होल्ट एसी प्रवाहाचे रेक्टिफाय होऊन, म्हणजे एकाच दिशेचे होऊन, साधारण 325 व्होल्ट डीसी होतात. ही डीसी लाइन (बस) किती व्होल्टची आहे हे मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे बोर्डाच्या मेंदूला, कळावं म्हणून रोधांची (रेझिस्टरची) एक साखळी असते. या बोर्डावर 330 किलोओहमचे तीन चिप रेझिस्टर ओळीने होते, म्हणजे 990 किलोओहम, आणि खाली 8.2 किलोओहमचा एक. 325 व्होल्टला खालच्या रेझिस्टरवर 2.67 व्होल्ट मिळतात आणि कंट्रोलर त्यावरून हिशेब करतो. आता या तीन रेझिस्टरच्या बाजूने ओलावा आणि क्षार मिळून 2 मेगओहमची एक चोरवाट तयार झाली असं समजा. 990 किलोओहमला 2 मेगओहम समांतर आले की उरतात 662 किलोओहम. खाली 2.67 च्या जागी जवळजवळ 4 व्होल्ट येतात आणि कंट्रोलरला बस 484 व्होल्ट झाल्यासारखी दिसते. तिथले कॅपॅसिटरच 450 व्होल्टचे, तो ट्रिप होणारच. बिचारा आपलं काम बरोबर करतोय. दुपारी उन्हाने डबा तापला की ओल उडते, चोरवाट बंद होते आणि एसी चालतो.

2 मेगओहम म्हणजे डोळ्यांना काहीच दिसत नाही. ना काळा डाग, ना जळका वास. म्हणूनच पहिल्या खेपेला मी रेझिस्टर बदलले, फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात ती राळ) लावून छान चकचकीत सोल्डर केलं, जुन्या टूथब्रशने थोडं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) फिरवलं, ड्रायर मारला आणि भर पावसातल्या संध्याकाळी वरून ॲक्रिलिक कोटिंगचा स्प्रे मारला. अडीच महिने चाललं. दुसऱ्या खेपेला वाटलं कोटिंग पातळ पडलं असेल, म्हणून जाड मारलं. तेव्हा तर दीड महिन्यातच परत.

तिसऱ्यांदा भिंगाखाली धरला तेव्हा त्या रेझिस्टरभोवती कोटिंगखाली बारीक फुगे दिसले, उकळत्या दुधावर येतात तसे. फुगा टाचणीने फोडला तर आत चिकट ओल. म्हणजे मी दोनदा घाण आत कोंडून वरून झाकण लावलं होतं.

बरेच जण समजतात की कोटिंग म्हणजे रेनकोट. पाण्याचा थेंब ते अडवतं, पण पाण्याची वाफ हळूहळू त्यातून आरपार जाते. ॲक्रिलिक असो, सिलिकॉन असो की पॉलियुरेथेन, कमीजास्त सगळ्यांतून जाते. खालचा पृष्ठभाग स्वच्छ असेल तर त्या वाफेने काही बिघडत नाही, जशी आली तशी निघून जाते. पण खाली मिठाचा किंवा फ्लक्सचा अंश असला की तो वाफेला धरून ठेवतो, त्याचं पाणी होतं, ते पाणी कोटिंगला वर उचलतं आणि फुगा येतो. वर 325 व्होल्ट असतील तर त्या पाण्यातून तांब्याचे आणि कथिलाचे आयन सरकायला लागतात, हिरवट बुरशीसारखं काही दिसू लागतं. जाड थर मारल्याने हे थांबत नाही. उलट आतलं सॉल्व्हंट अडकून नवे बुडबुडे येतात.

निदान करायची एक बिनखर्चाची युक्ती सांगतो. त्याआधी सप्लाय काढा आणि बसचे कॅपॅसिटर 100 वॉटच्या साध्या बल्बमधून डिस्चार्ज करा. मग मीटर लावून खरंच शून्य झाले का ते बघा. घाई करू नका, 325 व्होल्ट डीसीचा झटका विसरण्यासारखा नसतो. आता संशयित साखळीवर मीटर ओहममध्ये, मोठ्या रेंजवर लावा आणि काचेवर वाफ धरतो तसं तोंडाने 'हाऽऽ' करून बोर्डावर श्वास सोडा. आकडा धडाधड खाली आला आणि ड्रायरने परत वर गेला तर तिथे गळती आहे. स्वच्छ बोर्डावर आकडा जरासा हलतो, पण कोसळत नाही. एक सावधगिरी: मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) हे करायला जाऊ नका. 500 व्होल्ट सोडले तर गळती सापडेल, पण आयसी जाईल.

जुनं कोटिंग काढायचं तर आधी ते कुठलं आहे हे ओळखावं लागतं. नख दाबून बघा. रबरासारखं दबून परत वर आलं तर सिलिकॉन. कडक असेल तर कोपऱ्यात, बिनमहत्त्वाच्या जागी, ॲसिटोनमध्ये बुडवलेला इअरबड मिनिटभर धरा. चिकट होऊन विरघळायला लागलं तर ॲक्रिलिक. थोडं फुगलं पण विरघळलं नाही तर बहुधा पॉलियुरेथेन. ढिम्म राहिलं तर इपॉक्सी किंवा यूव्ही दिव्याखाली पक्कं होणारं कोटिंग समजायचं. 365 नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च घेऊन ठेवा. बऱ्याच कोटिंगमध्ये मुद्दाम चमक टाकलेली असते, अंधारात निळसर उजळतं आणि कुठे थर आहे, कुठे नाही ते लगेच कळतं. नोटा तपासायचा स्वस्त टॉर्च बऱ्याचदा 395 चा असतो. त्यात जांभळा उजेडच जास्त येतो आणि फसायला होतं.

ॲक्रिलिक काढायला सोपं. दुरुस्तीच्या भागाभोवती पिवळ्या कॅप्टॉन टेपची चौकट करा, आत ॲसिटोन किंवा थिनरचा कापूस दोन-तीन मिनिटं ठेवा आणि मऊ झालेलं टूथपिकने उचला. प्लॅस्टिकचे कनेक्टर, डिस्प्लेची काच, रिलेचं आवरण यांच्याजवळ थिनर नेऊ नका. कनेक्टर पांढरा पडतो, तडकतो, आणि मग मूळ दोषापेक्षा आपली दुरुस्ती महाग पडते. सिलिकॉन विरघळवायच्या भानगडीत पडू नका. बांबूच्या काडीने कड उचला आणि सालीसारखं ओढून काढा. फक्त घासाघाशीने स्थिर वीज तयार होते, म्हणून मनगटपट्टी लावा. पॉलियुरेथेनला हॉट एअरने साधारण 80 ते 100 अंशांपर्यंत ऊब द्या आणि लाकडी काडीने खरवडा.

पॉलियुरेथेनवर गरम सोल्डरिंग आयर्न टेकवून ते जाळून सोल्डर करायची सवय आपल्याकडे फार आहे. तो धूर वाईट असतो. त्यात आयसोसायनेट निघतात, एकदा दमा लागला की आयुष्यभर सोबत करतो. माझ्या ओळखीचे एक जुने कारागीर आता कोटिंगच्या बोर्डाजवळ बसूच शकत नाहीत. खिडकी उघडा, पंखा पाठीमागून ठेवा, आणि आधी खरवडून मगच आयर्नची टीप लावा. रंग काढायचं पेंट रिमूव्हरही नको. ते बोर्डाच्या इपॉक्सीलाच खातं. आणि ब्लेड टाळा. तांब्यावरचा हिरवा थर (मास्क) कापला गेला की उघडं तांबं दिसतं आणि पुढच्या पावसाळ्यात तिथूनच गंज सुरू होतो.

खरी मेहनत धुण्यात आहे आणि माझी चूकही तिथेच होती.

आयपीएत फ्लक्सची राळ विरघळते, मीठ विरघळत नाही. भाट्यासारख्या ठिकाणी बोर्डावर जे बसतं ते समुद्राचं मीठ. त्याला पाणीच लागतं. म्हणून आधी डिस्टिल्ड वॉटर, जे बॅटरीत घालायला गॅरेजमध्ये मिळतं तेच. बोर्ड तिरका धरा, वरून पाणी सोडा, मऊ ब्रशने खालच्या दिशेने घासा, परत सोडा. पाणी वाहून गेलं पाहिजे, साचता कामा नये. त्यानंतर 99 टक्क्यांचं आयपीए तसंच वाहतं सोडा, म्हणजे पाणी बाहेर पडतं आणि फ्लक्सही. औषधाच्या दुकानातलं 70 टक्क्यांचं नको, त्यात उरलेलं पाणीच असतं. ज्या वाटीत ब्रश बुडवता तीच वाटी शेवटपर्यंत वापरली तर राळ पातळ होऊन सगळ्या बोर्डभर पसरते आणि पांढुरका थर बसतो. माझ्या पहिल्या दुरुस्तीत हेच झालं होतं. वर 'नो-क्लीन' लिहिलेला फ्लक्स वापरला की धुवायची गरज नाही असं समजू नका. तो पूर्ण तापला तरच निरुपद्रवी होतो. आयर्नच्या बाजूला पसरलेला, न तापलेला फ्लक्स तसाच जिवंत राहतो आणि ओल मिळाली की वीज वाहू लागतो. कापूस वापरला असेल तर एकेक तंतू काढा. कोटिंगमधून बाहेर आलेला तंतू म्हणजे समईची वातच, ओल आत खेचत राहतो.

पाणी लावण्याआधी उघड्या रिले, बझर, ट्रान्सफॉर्मर यांचा विचार करा. ज्यात पाणी शिरून बाहेर येणार नाही ते काढून ठेवा किंवा पाण्यापासून लांब ठेवा. 22 जुलै 2021 ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं, त्यानंतर माझ्याकडे गाळाचे बोर्ड पोत्याने आले. त्यांचे बरेच मालक घाईने नळाच्या पाण्याने धुऊन, उन्हात वाळवून, वरून स्प्रे मारून बसले होते. बोर्ड चालूही झाले होते. दिवाळीपर्यंत अर्ध्याअधिकांचे रिले आणि कनेक्टरचे पाय हिरवे पडले.

सुकवणं म्हणजे ड्रायरचे पाच मिनिटं नव्हेत. आयसीच्या पोटाखालचं पाणी तसं निघत नाही. 60-65 अंशांना तीन-चार तास लागतात. ओव्हन नसेल तर पुठ्ठ्याच्या खोक्यात 100 वॉटचा बल्ब, एका बाजूला हवेला भोक आणि आत थर्मामीटर. पुठ्ठ्याला बल्ब टेकू देऊ नका आणि खोकं सोडून जाऊ नका. स्वयंपाकघरातला ओव्हन मात्र वापरू नका, घरच्यांच्या पोटात काय जाईल सांगता येत नाही.

धुऊन सुकवल्यावर परत श्वासाची परीक्षा घ्या. ती पास झाली तरच कोटिंग. नाहीतर परत पाण्यापासून.

आता कोटिंग. एक नियम पक्का: जुनं सिलिकॉन असेल तर वर सिलिकॉनच. त्यावर ॲक्रिलिक टिकत नाही, तव्यावर पाण्याचे थेंब पळतात तसं आक्रसून गोळे होतं. सिलिकॉन नुसतं जुन्या कोटिंगमध्येच नाही, आपल्या हातालाही असू शकतं. आउटडोअरच्या बोर्डाला कॉम्प्रेसर चालवणारं मॉड्यूल हीटसिंकला लावताना आपण पांढरी हीटसिंक पेस्ट लावतो. तीत बहुतेक वेळा सिलिकॉन तेल असतं. ते बोटाला लागलेलं, तेच बोट बोर्डाला, आणि मग कोटिंगमध्ये माशाच्या डोळ्यासारखी गोल भोकं पडतात. म्हणून पेस्टचं काम शेवटी करा, किंवा हातमोजे बदला.

फटी बुजवायला हार्डवेअरच्या दुकानातलं सिलिकॉन वापरता का? उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला तर बाजूला ठेवा. वाळताना त्यातून ॲसिटिक ॲसिड निघतं आणि तांब्याला खातं. इलेक्ट्रॉनिक कामासाठीचं न्यूट्रल सिलिकॉन वेगळं मिळतं.

स्प्रे मारण्याआधी कनेक्टर, फ्यूज होल्डर, ट्रिमपॉट, स्विच, रिलेची हवेची भोकं आणि हीटसिंकला टेकणारा भाग टेपने झाका. विसरलात तर कनेक्टरच्या पिनेवर थर बसतो आणि नंतर 'कम्युनिकेशन एरर' शोधत दोन दिवस जातात. हेही स्वानुभवाने सांगतोय.

पावसाळ्यात पांढरं का पडतं त्याचा हिशेब बघा. रत्नागिरीत पावसाळी संध्याकाळी हवा 28 अंश, आर्द्रता 85 टक्के धरा. अशा हवेचा दवबिंदू 25.2 अंश येतो. म्हणजे बोर्ड पावणेतीन अंशांनी थंड झाला की त्यावर दव पडतं. आणि सॉल्व्हंट उडताना बोर्ड तेवढा सहज थंड होतो, हाताला लावलेलं स्पिरिट गार लागतं तसंच. दव ओल्या कोटिंगमध्ये मिसळतं आणि दुधाळ डाग राहतो. त्यामुळे मी आता पावसाळ्यात बोर्ड 40 अंशांच्या आसपास कोमट करून, एसी लावलेल्या खोलीत, दुपारी कोटिंग करतो. ते नको असेल तर चक्क दुसऱ्या दिवसाची वाट बघतो. दुधाळ झालेलं कोटिंग वरून आणखी मारून सुधारत नाही, काढून परत करावं लागतं.

स्प्रे 20-25 सेंटीमीटरवरून, हलक्या हाताने, एक थर आडवा, मग बोर्ड 90 अंश फिरवून दुसरा उभा. मध्ये 10-15 मिनिटं. ॲक्रिलिकचा एकूण थर 30 ते 130 मायक्रॉनमध्ये राहावा. झेरॉक्सचा कागद साधारण 100 मायक्रॉनचा असतो, अंदाजाला तो हाताशी धरा. मी दुसऱ्या खेपेला मारलेला थर पोस्टकार्डाएवढा झाला होता! स्प्रे ज्वलनशील असतो, त्याच टेबलावर हॉट एअर चालू ठेवू नका. जुन्या कोटिंगची कड उभी न ठेवता उतरती करा आणि नवा थर जुन्यावर 4-5 मिलिमीटर चढू द्या. हाताला कोरडं 20 मिनिटांत लागतं, पण ग्राहक कितीही मागे लागला तरी एक दिवस ठेवा. मग यूव्ही टॉर्चखाली आयसीच्या पायांची टोकं आणि सोल्डरचे उंचवटे बघा. तिथूनच कोटिंग ओघळून पातळ होतं. अंधार दिसला तर बारीक ब्रशने टिपका द्या.

कुठे हे काम करू नये तेही सांगतो. बोर्ड काळा जळलेला असेल तर तो कोळसाच वीज वाहतो. तो भाग खरवडून किंवा ड्रिलने काढून इपॉक्सी भरल्याशिवाय कोटिंगचा उपयोग नाही. वॉशिंग मशीनचा, वरून ओतलेल्या कंपाउंडमध्ये पूर्ण बुडालेला बोर्ड असेल तर मी शक्यतो घेत नाही, उकरताना ट्रॅक तुटतात. आणि लोट्याच्या एमआयडीसीतल्या ड्राइव्हच्या (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या यंत्राच्या) बोर्डाला गंधकाचा वायू लागतो. तिथे चिप रेझिस्टरच्या टोकातली चांदी काळी पडून तो आतून तुटतो (ओपन होतो). सिलिकॉन कोटिंगमधून तो वायू आत जातो, म्हणून तिथे पॅनल बंद ठेवून स्वच्छ हवा देणं जास्त कामाचं.

मालकीणबाईंच्या बोर्डाचं सांगायचं राहिलं. बसवताना बघितलं तर इनडोअरकडून येणारी केबल वरून सरळ टर्मिनलवर उतरत होती, पावसाचं पाणी तिच्यावरून डब्यात. केबलला खाली झोल दिला, म्हणजे पाणी तिथूनच गळून जातं. भोकाला रबराची ग्लँड (केबलभोवतीची फट बंद करणारी कडी) लावली, पालींसाठी जाळी बसवली. दोन पावसाळे झाले, अजून बोर्ड सासरीच आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने कोटिंगचा प्रकार आणि तारीख लिहून ठेवलीय. पुढे कोणी उघडला तर निदान भलतंच कोटिंग वरून मारणार नाही.